चार स्पेलिंगांचं मांजर

जेद्दाच्या शराफिया भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत पृथ्वीचे गोल विकायला ठेवलेले असतात. त्यातला एखादा हातात घेऊन इंग्लंड शोधा. इंग्लंडच्या डाव्या कुशीला, समुद्राच्या बाजूला, बॉलपेनने काढलेला एक लाल ठिपका दिसेल. तो छपाईतला दोष नाही. जेद्दात राहणाऱ्या एमलिन नावाच्या माणसाने तो काढलाय, आणि एकाही दुकानदाराला विचारून काढलेला नाही.

माझ्या दुकानात मी त्याला पेनासकट पकडला.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"दुरुस्ती," तो म्हणाला. "या गोलावर माझा देश नाही."

"कुठला देश?"

"वेल्स."

"म्हणजे इंग्लंडच ना?"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. साठीकडे झुकलेला, उंच, खांद्यात वाकलेला तो माणूस काउंटरवर दोन्ही हात टेकून बोलायलाच लागला. राजे, डोंगर, पाटीचा दगड, कोळसा, मेंढ्या, संत, भाषा. माझी दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. शेवटी मी म्हटलं, साहेब, गोल तुम्ही खराब केलात, आता घेऊन जा. त्याने घेतला. मी सांगितलेल्या भावाला घेतला. फक्त म्हणाला, "बिलावर माझ्या नावापुढे वेल्स लिही. युके नको, ब्रिटन नको." सगळं आयुष्य घासाघीस करण्यात गेलं माझं, पण अशी घासाघीस मी पाहिली नव्हती.

मी हनीफ. गाव खेडच्या पुढे, खाडीकाठी. रत्नागिरीत एका छापखान्यात पुस्तकं शिवायला शिकलो आणि इथे आलो तेव्हा झेरॉक्सचं मशीन पुसायचो. आता पुढे स्टेशनरी आणि मागे छापखाना असं दुकान आहे. मशीनं माझी, दारावरच्या पाटीवर नाव कफीलचं, म्हणजे माझ्या अरब जामीनदाराचं. लोक मला तापट म्हणतात. काम करून घेतल्यावर ज्यांनी भाव पाडायचा प्रयत्न केला ते लोक म्हणतात, बाकीचे म्हणत नाहीत. एमलिनवर माझा राग आहे. तो का आहे हे सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय. वाचून तुम्हीच ठरवा.

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मध्येमध्ये अरबी. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मराठीत आणताना मी स्वतःला तुम्ही म्हणायला लावलंय आणि त्याला तू, कारण त्याचा सूर तसाच होता.

त्याचा खरा धंदा म्हणजे पुस्तकं लिहिणं आणि स्वतःच छापून वाटणं. वेल्स आणि एकूण केल्टिक लोकांचा वारसा परदेशात पोचवायचा, हे त्याने डोक्यात घेतलं होतं. पण पोट त्यावर भरत नव्हतं. पोटासाठी तो एका कॉलेजात अरब मुलांना इंग्रजी शिकवायचा. म्हणजे सकाळी इंग्रजी शिकवायची, आणि संध्याकाळी माझ्या दुकानात बसून इंग्रजीने आपल्या लोकांचं कसं वाटोळं केलं ते सांगायचं.

मी एकदा म्हटलं, "मग नोकरी सोडा आणि वेल्श शिकवा."

"इथे? कुणाला?"

"मिळेल एखादा विद्यार्थी."

"वेल्समध्ये मिळत नाही, हनीफ बाख."

हे 'बाख' त्याच्या तोंडात सतत असायचं. मला आधी वाटलं, साहेबाला जर्मन भाषेतली एखादी शिवी येत असावी. मग अर्थ विचारला तर म्हणाला, "छोटा." माझं वजन बघितलंत तर मला छोटा म्हणणाऱ्याला चष्मा लागलाय असं तुम्ही म्हणाल. मी भडकलो. तेव्हा त्याने समजावलं की हे लाडाने म्हणतात, घरातल्याला, जवळच्याला. ठीक आहे. पण माझी बायको सलमा दुकानात आली की तिला तो 'सलमा वाख' म्हणायचा. मला बाख आणि तिला वाख. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. मी समजलो, दाताचा दोष आहे, आणि तो विषय सोडून दिला.

हे इथेच ध्यानात ठेवा, पुढे जे झालं तोवर याचं खरं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

शराफियात त्याला एमलिन कुणी म्हणत नसे. येमेनी चहावाल्याने पहिल्या दिवशी अमीन ऐकलं आणि तेव्हापासून तो मिस्टर अमीन झाला. न्हाव्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटायचं, साहेब मुसलमान झालेत. लोक मुबारकबाद द्यायचे. तो प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "अमीन नाही, एमलिन. आणि इंग्लिश नाही, वेल्श." लोक म्हणायचे, माशाअल्लाह.

तो बारा-सोळा पानांच्या पुस्तिका काढायचा. जुन्या विहिरी, लोकरीचं विणकाम, खाणीतल्या कामगारांची गाणी, लीक नावाच्या पातीच्या कांद्याचं सूप. केल्टिक म्हटलं की दगडी क्रॉस आलेच, पण इथे ते चालणार नाहीत हे त्याला माझ्याआधी कळत होतं. त्यामुळे मुखपृष्ठावर तो गाठी काढायचा. एकात एक गुंतलेल्या दोऱ्यांच्या गाठी, ज्यांना सुरुवात नाही आणि शेवट नाही. जेद्दाच्या दमट हवेत कागद फुगतो, शाई पसरते, आणि त्या बारीक गाठी छापायच्या म्हणजे ऑपरेटरच्या डोळ्याला पाणी. माझा ऑपरेटर शाजी, केरळचा, शांत माणूस. तोसुद्धा म्हणायचा, "भाई, इसको बोलो, कभी खुली रस्सी का डिझाइन बनाए."

पुस्तिका तो फुकट वाटायचा. न्हावी त्याने वारा घ्यायचा. चहावाला गरम पेल्याखाली ठेवायचा. एमलिन ते बघायचा आणि पुढची पुस्तिका काढायचा.

एकदा त्याने कॉलेजच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. पोस्टर मीच छापलं होतं. पुस्तिकांचा गठ्ठा पोचवायला गेलो तर हॉलमध्ये अमरावतीचे डॉक्टर वानखेडे आणि त्यांची शाळकरी मुलगी, एवढेच. तिसरा श्रोता मी, तोही गठ्ठ्याची पावती घेण्यासाठी थांबलेला. एमलिन मन लावून बोलला. शेवटी म्हणाला, प्रश्न विचारा. मुलीने हात वर केला आणि इंग्रजीत विचारलं, "सर, ते पिलांना पाण्यात दूध कसं पाजतात?"

वानखेडे चपापले. ते देवमाशांवरचं, म्हणजे व्हेल्सवरचं, व्याख्यान समजून मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी घेऊन आले होते. घरी जाताना मला मराठीत म्हणाले, "हनीफभाई, पोस्टरवर एक चित्र तरी टाकायचं होतं ना हो." एमलिन हसला नाही की रागावला नाही. त्या मुलीला त्याने एक पुस्तिका दिली आणि मुखपृष्ठावर लिहून दिलं, 'यात एच नाही.' मग हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्या त्याने स्वतः उचलून रचल्या. मी मदत केली. तो काही बोलला नाही, आणि तो बोलत नाहीये म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता माझ्या तक्रारीकडे येतो.

माझी नजर तेज आहे. लग्नपत्रिकेवर नवऱ्याच्या बापाचं नाव चुकलेलं मी पन्नास हातांवरून ओळखतो. एमलिनच्या इंग्रजी पुस्तिकांत मी अनेकदा चुका पकडल्या. एकदा तर त्याने 'वारसा' या शब्दाचंच स्पेलिंग चुकवलं होतं, तेही मुखपृष्ठावर. मी दाखवलं तेव्हा त्याने माझा हात हातात घेतला आणि शाजीसमोर म्हणाला, "हनीफ बाख, माझं वय झालं. चूक दिसली की मला विचारत बसू नकोस, दुरुस्त करून टाक." शाजी साक्षीला आहे. हे शब्द त्याचे आहेत.

आणि चूक म्हणजे काय ते मी मार खाऊन शिकलोय. आमच्या घरी 'मला' म्हणत नाहीत, 'मना' म्हणतात. शाळेत पहिल्याच वर्षी मी म्हटलं, "मास्तर, मना तहान लागली," आणि पाणी मिळायच्या आधी थोबाडीत मिळाली. हे मी एमलिनला एकदा सांगितलं होतं. माझं घरचं बोलणं कसं आहे हे इथे कुणी विचारत नाही. अरब मला मलबारी समजतो आणि मलबारी मला पाकिस्तानी समजतो. एमलिन मात्र खोदून खोदून विचारायचा. आई हाक कशी मारायची, चुलीपाशी काय बोलायची. त्यानेही सांगितलं की त्याच्या गावच्या शाळेत, त्याच्या आजोबांच्या वेळी, कुणी वेल्श बोललं की त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. आम्ही दोघं तेव्हा बराच वेळ चहा पीत बसलो होतो. त्या दिवशी तो मला बरा वाटला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो एक वेगळंच काम घेऊन आला. गाठी नाहीत, राजे नाहीत. पातळसं पुस्तक, सगळं वेल्शमध्ये. मी विचारलं, "हे इथे कोण वाचणार?"

"इथे कुणी नाही. माझा भाऊ."

ह्यू हा त्याचा मोठा भाऊ. तिकडे एका वृद्धाश्रमात होता. विसरत विसरत त्याची इंग्रजी आधी गेली, आणि आश्रमातल्यांना वेल्श येत नव्हती. मग तो बोलायचाच थांबला. त्याआधीच्या सुट्टीत एमलिन त्याच्याजवळ बसून राहिला होता, पण एक शब्द ऐकायला मिळाला नव्हता. आईबाप गेलेले, एमलिनचं लग्न केव्हाच मोडलेलं, मूल नाही. लहानपणीच्या त्या घरातली भाषा बोलणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून त्याने त्यांच्या स्वयंपाकघरात बोलली जाणारी साधी वाक्यं आठवून लिहिली होती. दूध उतू गेलं. दार लाव, वारा येतोय. मांजर स्वयंपाकघरात आहे. ती ह्यूला वाचून दाखवायची.

"एकदा जरी बोलला ना," एमलिन म्हणाला, "एक शब्द. मग मी काही मागणार नाही."

मी त्या कामाला नेहमीपेक्षा चांगला कागद वापरला. दोऱ्याने स्वतः शिवायचं ठरवलं, हाताने. त्याने प्रूफ बघून सही केली आणि परीक्षांचे पेपर तपासायला निघून गेला. छापायला घेण्याआधी मी शेवटची नजर टाकली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

मांजर हा शब्द चार प्रकारे लिहिला होता. एकीकडे सी-ने, दुसरीकडे जी-ने, पुढे सीएच-ने, आणि एका ठिकाणी तर एनजीएच-ने. स्वयंपाकघराचंही तेच. मला अर्थ कळत नव्हता, पण शाजीच्या सोयीसाठी त्याने प्रूफच्या समासात इंग्रजी अर्थ लिहून ठेवले होते ना. मांजर, मांजर, मांजर, मांजर. मी नेटवर वेल्श डिक्शनरी उघडली. सी-चं मांजर होतं, बाकीची तिन्ही मांजरं डिक्शनरीतच नव्हती. म्हातारा थकलाय, मी म्हटलं. भावाच्या काळजीत एकेक अक्षर भलतंच पडलंय.

शाजी म्हणाला, "भाई, रहने दो. उसकी लँग्वेज है, जैसा दिया वैसा डालो."

"तू टाइप कर. डोकं मी वापरतो."

आम्ही बसून सगळं पुस्तक सरळ केलं. प्रत्येक शब्दाचं एकच स्पेलिंग, डिक्शनरीतलं. दुसरा कुणी असता तर या कामाचे वेगळे लावले असते. मी त्याला सांगणारही नव्हतो.

पुस्तकं न्यायला तो आला त्याच दिवशी त्याचं विमान होतं. काउंटरपाशी उभा राहून त्याने पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. मी शाबासकीची वाट बघत होतो. त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

"हे कुणी केलं?"

"मी. तुमच्या फार चुका होत्या."

तेव्हा मला कळलं की त्यांच्या भाषेत शब्दाच्या आधी कोण उभं आहे त्यावरून शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. नुसतं मांजर म्हणजे काथ. 'ते मांजर' म्हटलं की गाथ. 'तिचं मांजर' खाथ. 'माझं मांजर' ङ्हाथ. आपल्या मुळाक्षरांत ङ नुसतं बसून असतं, मास्तर सांगायचे, हे म्हणायचं पण वापरायचं नाही. या लोकांनी त्याला कामाला लावलंय. बाख आणि वाखचंही तेच होतं. दात बिचारा निर्दोष होता.

मला सांगा, पहिलं अक्षर पकडून शब्द शोधायची पद्धत सगळ्या जगात आहे, आणि यांचं पहिलं अक्षरच एका जागी राहत नाही. यात माझा काय दोष?

पण त्याने ऐकलं नाही. दुकानात व्हिजिटिंग कार्डं न्यायला आलेले दोघं उभे होते. त्यांच्यासमोर तो मोठ्या आवाजात म्हणाला, "हनीफ, तू मास्तर झालास. थोबाडीत मारणारा मास्तर."

मला उभ्या आयुष्यात लोकांनी चोर म्हटलंय, कसाई म्हटलंय, मी ते हसून सोडून दिलंय. ही शिवी लागली. मी त्याला दुकानातून जायला सांगितलं. त्याने एक प्रत पिशवीत टाकली, बाकीचा गठ्ठा काउंटरवर ठेवला, आणि गेला. मी गठ्ठा माळ्यावर फेकला.

त्याच उन्हाळ्यात सलमा आणि मुलगी कायमच्या गावी गेल्या. इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, फॅमिली फी परवडेना. मुलगी फोनवर इंग्रजीत बोलते, मी कोकणीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. संध्याकाळी दुकानात कुणी बसायला नसायचं. मी शाजीवर ओरडायचो, तो ऐकून घ्यायचा.

एमलिन सुट्टीवरून परतल्याचं चहावाल्याकडून कळलं. बऱ्याच दिवसांनी तो आला. मी कागद सरळ करत होतो, तो करतच राहिलो. तो कागदाच्या रिमांवर बसला.

"ह्यू बोलला," तो म्हणाला.

मी वर बघितलं.

विमानात त्याने ठरवलं होतं की वाचताना चुका तोंडाने दुरुस्त करायच्या. पण प्रवासाने थकलेला होता, चष्मा ओला होत होता, आणि पहिलंच वाक्य त्याने छापलं होतं तसं वाचलं. मायर काथ अन अ केगिन. मांजर स्वयंपाकघरात आहे, पण अक्षरं न बदलता. बोलायला शिकणारं लहान मूल म्हणतं तसं. ह्यूचे डोळे मिटलेले होते. तो म्हणाला, "गाथ." आणि मग, "गेगिन, बाख. गेगिन."

"लहानपणी आम्ही एका खाटेवर झोपायचो," एमलिन म्हणाला. "मी चुकायचो आणि तो अंधारात दुरुस्त करायचा. तसंच, त्याच आवाजात. मी पुढची ओळ वाचली, तो पुढची दुरुस्त करत गेला. दुसऱ्या दिवशी मी नीट वाचून बघितलं. बोलला नाही. चुकीचं वाचलं की बोलायचा."

"तुम्हाला ओळखलं?"

"मला नाही. चूक ओळखली."

शाजीने मशीन थांबवलं होतं. एमलिन त्याला म्हणाला, "तिथली नर्स तुमच्याकडची आहे, कोट्टयमची. पुस्तक तिच्याकडे ठेवून आलो. रोज जेवण भरवताना ती एक ओळ वाचते. तिला मुद्दाम चुकावं लागत नाही."

शाजी हसला. मी हसलो नाही. मी म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळे भाऊ बोलला."

"हो."

"मग माफी मागा."

"कशाबद्दल? पुस्तक चुकीचंच आहे."

बघा हा माणूस. मी दुरुस्ती केली नसती तर याचा भाऊ मुका राहिला असता, आणि हा माझी माफी मागायला तयार नाही. उलट नवीन काम घेऊन आला होता. दुसरं पुस्तक, आणखी वाक्यं, पुढच्या सुट्टीसाठी. आणि ते मुद्दाम चुकीचं छापायचं.

"माझ्या छापखान्यातून चुकीचं पुस्तक जाणार नाही," मी म्हटलं.

"एक गेलं की."

"ते नजरचुकीने. हे जाणूनबुजून. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? एक वाचक आहे, हनीफ, तोही वाचत नाही."

"पानाला एक चूक. जास्त नाही."

"प्रत्येक ओळीला एक."

"पानाला दोन. माझं नाव खराब होतंय."

"प्रत्येक ओळीला. एका पानात दोनदाच बोलला तर मी काय करू?"

त्याचा आवाज चिरकला. शेवटी ठरलं की चुका ओळीला एक, पण मागच्या पानावर छापखान्याचं नाव टाकायचं नाही. तो सौदा मी हरलो हे मला मान्य आहे.

पुस्तक मशीनवर चढलं नाही. फाइल तयार होत होती तेव्हाच तिकडून फोन आला. ह्यू झोपेत गेला. एमलिनला रजा मिळून, जाऊन परत यायचा एक्झिट-रिएंट्री व्हिसा निघून तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पाद्र्याने प्रार्थना इंग्रजीत म्हटली, हे त्याने परत आल्यावर सांगितलं. तेवढंच सांगितलं.

कॉलेजनेही आता त्याचा करार वाढवलेला नाही. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं निघायचा शिक्का, लागायची आहे. लोक म्हणतात, मिस्टर अमीन नशीबवान, देशात चाललाय. शराफियात देशात जाणाऱ्या माणसाचं सगळ्यांनाच वाईट आणि बरं वाटतं. मी त्याला विचारलं होतं, तिकडे कुठे राहणार. म्हणाला, गावातलं घर विकलं गेलंय, सुट्टीपुरते येणारे लोक आहेत तिथे. खोली बघेन एखादी. त्या रस्त्यावरच्या दुकानात आता इंग्रजीच बोलतात.

परवा दुपारी तो आला. शाजी जेवायला गेला होता. मी कटरवर कार्डं कापत होतो.

"ते दुसरं पुस्तक," तो म्हणाला. "राहू दे आता."

"खलास?"

"खलास."

"पहिल्याच्या प्रती आहेत माळ्यावर. रद्दीत घातल्या नाहीत, जागा होती म्हणून ठेवल्या," मी म्हटलं. "न्यायच्या तर न्या."

मी शिडी लावून गठ्ठा काढून दिला. धूळ होती, ती त्याने बाहीने पुसली. एक प्रत काढून तो रिमांवर बसला आणि पहिलं पान उघडलं. मी कटरकडे वळलो.

"मायर काथ अन अ केगिन," तो वाचत होता. मग थांबला.

मला वाटलं चष्मा पुसत असेल. वळून बघितलं तर चष्मा डोळ्यावर होता. पान उलटत नव्हता. नुसता बसला होता, मान जराशी एका बाजूला कलती करून.

"मायर काथ अन अ केगिन," त्याने परत तेच वाचलं, आणि परत थांबला.

माझ्याकडे तो बघत नव्हता, हे खरं सांगतो. त्याने मला काही विचारलं नव्हतं. पण ती तीन मांजरं मी माझ्या हाताने पुसली होती, कुठल्या ओळीत कुठलं होतं ते मला अजून पाठ आहे.

"गाथ," मी म्हटलं.

त्याने मान वर केली.

"थ असा नाही," तो म्हणाला. "जीभ दातांमध्ये घ्यायची. हवा बाहेर सोडायची. गाथ."

"गाथ."

"अजून नाही. तू मराठीतला थ म्हणतोयस. परत."

माझ्या दुकानात मला चुकलास म्हणायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. बाहेर घरी पैसे पाठवायच्या रेमिटन्सच्या काउंटरवरची रांग आमच्या काचेपर्यंत आली होती आणि त्यातले दोघंतिघं आत बघत होते. मी जीभ दातांमध्ये धरली आणि परत म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "पुढे?"

"गेगिन."

"हं."

त्याने पान उलटलं, दुसरी ओळ वाचली, आणि थांबला. मी कटरचं बटण बंद केलं.